पिनकोडाबाहेरचा आलूगुंडा

मंत्र्याच्या ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. "आमचं काम होईल का?" आणि "एखादा किस्सा सांगा ना!" पहिल्याचं उत्तर माझ्या हातात कधीच नव्हतं. दुसऱ्याचा साठा मात्र इतका झालाय, की बायको म्हणते, "एक तर सांगून टाका, नाहीतर भंगारवाल्याला देऊन टाका. माळ्यावर जागा नाही!"

तर ऐका.

आमचे मंत्री म्हणजे भाऊ. राज्य छत्तीसगड, खातं परिवहन, मुक्काम भिलाई. वडील भंडाऱ्याकडून इथल्या स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आलेले, भाऊंचा जन्म सेक्टरातल्या क्वार्टरातला. सभेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी, आणि राग आला किंवा भूक लागली की मराठी! त्यामुळे त्यांच्या मनात काय चाललंय हे आम्हाला भाषेवरूनच कळायचं. ऑफिसात आम्ही तिघं. मी त्यांचा पीए, तिवारीजी सरकारी उत्तरं लिहिणारे, आणि लांजेवार गाडी चालवणारा. लांजेवार गाडी चालवता चालवता सरकारही चालवायचा, पण ते त्याच्या पगारात धरलेलं नव्हतं.

*

भाऊंच्या मागे पिनकोड लागला तो त्यांच्याच तोंडामुळे.

उतई रस्त्याला लागलं आणि सेक्टर संपले की एक नाला येतो. नाल्यापलीकडे नवी वस्ती. प्लांटमधले ठेकेदारी कामगार, हथखोजच्या कारखान्यांत जाणारी पोरं, काही रिटायर्ड माणसं. वस्ती भिलाईला खेटून, पण पोस्टाच्या लेखी ती पुढच्या उतई गावाच्या पिनकोडात. कुरिअरवाला उतईत उभा राहून फोन करतो, "कहाँ हो?" हे लोक गच्चीवरून प्लांटच्या चिमण्या बघत सांगतात, "भिलाई में!" तो म्हणतो, "तो मुझे उतई क्यों बुलाया?"

गणपतीत भाऊ तिथे आरतीला गेले. आरती झाली, प्रसाद झाला, हातात माइक आला. आणि माइक हातात आला की भाऊंचं भान सुटायचं. म्हणाले, "तुमाले तुमचा स्वतःचा पिनकोड आणून देतो! हा माझा शब्द हाय!"

टाळ्यांनी मांडव हलला.

परतताना गाडीत तिवारीजींनी घसा साफ केला. "सर, पिनकोड केंद्र का विषय है. अपने हाथ में नहीं है."

भाऊ नाला ओलांडेपर्यंत मागे वळून मांडवाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग लोकाईनं टाळ्या कावून वाजवल्या?"

समोरून नजर न हटवता लांजेवार म्हणाला, "त्याईलेबी माहीत नव्हतं, भाऊ."

*

विधानसभेत एखाद्या प्रश्नाचं उत्तर तयार नसलं, की लिहायची एक रीत आहे. "जानकारी एकत्रित की जा रही है." म्हणजे माहिती गोळा करणं सुरू आहे. या वाक्यात खोटं काहीच नाही, कारण माहिती कधीपर्यंत गोळा होईल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. तिवारीजींनी उभी हयात या एका वाक्यावर काढली. त्यांच्या टेबलावर हात ठेवला तरी ते वाक्य बोटाला लागेल असं आम्ही म्हणायचो.

भाऊंना ते फार आवडलं. पिनकोडाबद्दल कोणी विचारलं, की हेच. रस्त्याबद्दल, हेच. लग्नाला याल का, हेच!

एकदा जेवायला बसलो होतो. वहिनींनी आतून विचारलं, "भात वाढू का अजून?"

भाऊ फाइलीत डोकं घालून म्हणाले, "जानकारी एकत्रित की जा रही है."

वहिनी भाताचं पातेलं घेऊन आत गेल्या. थोड्या वेळानं भाऊंनी हाक मारली, "अवं, भात कुठी हाय?"

आतून आवाज आला, "तांदूळ एकत्रित करून राहिली!"

*

पिनकोडासाठी केंद्राला पत्र पाठवायचं ठरलं. तिवारीजींनी असं काही हिंदी लिहिलं, की वाचताना उभं राहावंसं वाटावं. वस्तीतल्या लोकांच्या सह्या घेतल्या, पाठवणाऱ्याचा पत्ता वस्तीचाच टाकला, भाऊंनी वर शिफारस लिहिली. पाकीट दिल्लीला गेलं.

उत्तर काही येईना. भाऊ रोज विचारायचे. बऱ्याच दिवसांनी मी दिल्लीत फोन लावला. तिकडचा माणूस भला होता. म्हणाला, उत्तर तर केव्हाच पाठवलं, पण ते फिरून दिल्लीलाच परत आलं. पत्त्यात पिनकोड नव्हता!

भाऊंनी तिवारीजींकडे पाहिलं. तिवारीजी जराही डगमगले नाहीत. "सर, मैंने जानबूझकर नहीं लिखा. उतई का पिनकोड लिख देते, तो हमारी माँग ही कमज़ोर पड़ जाती."

  चूक अशी नीटनेटकी असली की माणसाला रागावताच येत नाही.

*

आता दुसरं प्रकरण, इंधनाचं.

हॉटेलांत, टपऱ्यांवर तळून तळून काळं झालेलं तेल गोळा करायचं, त्यापासून डिझेल बनवायचं आणि त्यावर बस चालवायची, अशी ती योजना. सुरुवातीला एकच बस. हिरव्या रंगाची, म्हणून हिंदीत नाव हरी बस. भाऊंनी हे मनावर घेतलं होतं. आपण डिझेलच्या धुरात वाढलो, पोरांनी तरी वाढू नये, असं ते म्हणायचे, आणि ते नुसतं भाषण नव्हतं.

पत्रकार परिषदेत रायपूरहून आलेल्या साहेबांनी काचेच्या बाटलीत तेलाचा नमुना आणला होता. एका पत्रकारानं विचारलं, "मंत्रीजी, अक्षय ऊर्जा का मतलब आम आदमी को कैसे समझाएँगे?"

भाऊंनी बाटली उघडली, नाकाशी धरली आणि डोळे मिटले. सगळे वाट बघतायत. भाऊ म्हणाले, "आलूगुंडा."

आलूगुंडा म्हणजे बटाटेवड्याचा छत्तीसगढी भाऊ. जरा गोल, जरा तिखट. डॉक्टरांनी आणि वहिनींनी मिळून तो भाऊंना बंद केला होता. बाटली परत देताना भाऊंचा हात जड झालेला मी पाहिला.

बस सुरू झाली आणि भाऊंचं नाक खरं ठरलं. इंजिन सुरू झालं की मागे तळणीचा वास सुटायचा. स्टॉपवर उभी असलेली माणसं बस गेल्यावर नाश्ता शोधायला लागायची!

*

याच बसवर विधानसभेत प्रश्न लागला. आजवर किती लीटर इंधन तयार झालं?

तिथली पद्धत अशी, की मंत्री खाली बोलतात आणि अधिकारी वर गॅलरीत बसून चिठ्ठ्या पाठवतात. त्याच दिवशी नव्या वस्तीच्या पिनकोडाचा विषय निघेल म्हणून तिवारीजींनी तीही चिठ्ठी तयार ठेवली होती. दोन्ही चिठ्ठ्यांवर नुसते आकडे. मी म्हटलं, "कशाचा कोणता, ते तरी लिहा." तर म्हणाले, "सर समझ जाएँगे."

चुकीची चिठ्ठी खाली गेली.

भाऊ उठले, चष्मा नीट केला आणि खड्या आवाजात वाचलं, "चार लाख इक्यानबे हज़ार" आणि वर काही, "लीटर, अध्यक्ष महोदय!"

आमच्या बाजूच्या आमदारांनी बाकं बडवली. विरोधक क्षणभर गारद झाले. गॅलरीत तिवारीजींनी कपाळ धरलं. भाऊंनी ते पाहिलं, त्यांना कळलं काहीतरी हुकलंय, आणि सवयीनं पुढचं वाक्य आलं, "शेष जानकारी एकत्रित की जा रही है!"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी सभागृहात रीतसर दुरुस्ती दिली. विरोधी पक्षाचे एक वयस्क आमदार उठले आणि फक्त एवढंच म्हणाले, "मंत्रीजी, ये भी बता दीजिए कि इस पिनकोड पर बस का माइलेज कितना है?"

त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं हसले ते भाऊच. माणूस म्हणून मला ते आवडायचे ते यासाठी.

*

आता जे सांगतो, त्यात हसू थोडं कमी आहे.

बस कुठे चालवायची याचा आदेश निघायचा होता. बस एकच, आणि प्रत्येक नगरसेवकाला ती आपल्या दारात हवी. तिवारीजींनी तोडगा काढला. "सर, एक पिनकोड लिख देते हैं. पिनकोड पर कोई झगड़ा नहीं करता." भाऊंनी सही केली. सेक्टरांच्या त्या पिनकोडाबाहेर सवारी घ्यायची नाही, असा आदेश निघाला आणि बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर चिकटला.

नाल्याअलीकडचा सेक्टरातला स्टॉप हा शेवटचा. पण तिथे बस वळवायला जागा नाही. म्हणून बस रिकामी होऊन नाला ओलांडायची, नव्या वस्तीच्या मैदानात वळायची आणि तशीच रिकामी परत यायची. दारं बंद!

त्या मैदानाच्या कडेला बोरकर मावशींची आलूगुंड्याची गाडी. वापरलेलं तेल बसच्या लोकांना सगळ्यात आधी देणारी बाई हीच. डबा स्वच्छ, तेल गाळलेलं. आणि हिचेच यजमान, बोरकर काका, भट्टीजवळच्या ठेकेदारी कामात राबून आलेले, किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना सकाळी डायलिसिसला शहरात न्यायचं. तेवढ्या सकाळी वस्तीत ऑटो येत नाही. म्हणून दोघं नाला ओलांडून शेवटच्या स्टॉपपर्यंत चालत जायची. आणि मावशीच्या तेलावर चालणारी बस त्यांना वाटेत दोनदा भेटायची. एकदा येताना, एकदा जाताना. रिकामी.

भाऊंच्या बंगल्यावर लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा दिवस असायचा, त्या दिवशी मावशी आल्या. गर्दीत हात जोडून उभ्या राहिल्या. "साहेब, बस आमच्या दारात वळते. थांबत कावून नाही?"

भाऊंनी तिवारीजींकडे पाहिलं. तिवारीजी हळूच म्हणाले, "पिनकोड अलग है, सर."

"मावशी," भाऊ म्हणाले, "पिनकोड केंद्राचा विषय हाय."

मावशींनी शांतपणे विचारलं, "हे केंद्र कुठीसा हाय? तिथं तरी बस थांबते का?"

लोक हसले. मावशी नाही हसल्या. भाऊंनी नेहमीचं वाक्य म्हटलं, माहिती गोळा होऊन राहिली म्हणून सांगितलं. मावशी पुढच्या वेळीही आल्या. त्याच्या पुढच्याही. दरवेळी तोच प्रश्न, तेच वाक्य. मला त्या काळात स्वतःच्या ऑफिसाचा राग यायचा. आदेश आमचा, सही आमची, आणि उत्तर द्यायला पोस्ट खातं!

*

आणि आता शेवटचा किस्सा.

भाऊंच्या मनात आलं, हरी बस स्वतः बसून बघायची. न सांगता. फक्त मी आणि लांजेवार बरोबर. लांजेवार जन्मात पहिल्यांदा सवारी झाला होता. प्रत्येक वळणावर ड्रायव्हरच्या नावानं दात-ओठ खात होता.

कंडक्टर साहू नावाचा पोरगा, नवीनच भरती झालेला, कायद्याचा पक्का. भाऊंना ओळखून त्यानं नमस्कार केला, आणि तिकीटही दिलं.

शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले. आम्ही बसून राहिलो. बस नाला ओलांडून मैदानात शिरली. भाऊंनी खोल श्वास घेतला. "काय वास हाय! इंजिन चांगलं तापून राहिलं."

लांजेवार म्हणाला, "भाऊ, हा बशीचा नाही. ओरिजिनल हाय."

खिडकीतून मावशीची गाडी दिसली. कढई नुकतीच चढलेली. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहिलं. वहिनींच्या लेखी मी काही पाहिलेलं नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

"साहू, दार उघड."

साहूनं आदेशाकडे एक नजर टाकली. "उतर सकते हैं, सर. उतरने पर रोक नहीं है."

भाऊ उतरले, मागोमाग आम्ही. मावशींनी कागदावर दोन आलूगुंडे दिले, वर हिरवी मिरची. भाऊंनी पहिला घास घेतला आणि सरकार, खातं, डॉक्टर सगळं विसरले. मावशी मात्र शेजारणीला कढईजवळ उभी करून लगबगीनं पदर खोचत होत्या. बाकावर बोरकर काका पिशवी घेऊन बसलेले, चेहरा सुजलेला.

भाऊ थोडे ओशाळून म्हणाले, "मावशी, आज प्रश्न नाही विचारला?"

"आज टाइम नाही, साहेब. याईले दवाखान्यात न्यायचं हाय. चालत जाऊ तवा पोचू."

तेवढ्यात बस वळून आली, हॉर्न वाजला. भाऊंनी हात पुसले आणि पायरीवर पाय ठेवला.

साहू दारात आडवा आला. घाम फुटला होता बिचाऱ्याला, पण हटला नाही. "सर, यहाँ से सवारी नहीं चढ़ा सकते. ऑर्डर है."

मी ओरडलो, "अरे, किसका ऑर्डर? पहचानते नहीं?"

साहूनं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या कागदाकडे बोट केलं. "सर का ही है, सर. नीचे साइन है."

लांजेवारनं डोळे मिटले. मी म्हटलं, झालं, आता ह्या पोराची नोकरी गेली. भाऊ पायरीवर एक पाय ठेवून त्या कागदाकडे बघत राहिले. स्वतःची सही इतक्या खालून त्यांनी कधी पाहिली नसावी.

मग त्यांनी पाय खाली घेतला. बाकाकडे गेले आणि काकांच्या दंडाला हात घातला. "चला काका. आमालेबी तिकडंच जायचं हाय."

निघालो. पुढे काका आणि भाऊ, मागे पिशवी घेऊन मावशी, मग मी आणि लांजेवार. आमच्या मागे हरी बस, पायी चालणाऱ्याच्या वेगानं, रिकामी, तळणीचा वास सोडत! साहू दारात उभा, तोंड रडवेलं. ऊन चढायला लागलेलं. पुलावर काकांना दम लागला, ते कठड्यावर टेकले. भाऊही टेकले. भाऊंचाही श्वास फुलला होता, पण काकांच्या श्वासाचा आवाज वेगळाच होता. तो ऐकून मी दुसरीकडे पाहिलं.

"दरवेळी इथंच बसता, काका?"

"हो. पयले पुढं एक झाड होतं, सावली होती. रस्ता रुंद केला तवा तोडलं."

"कोणाच्या खात्यानं तोडलं?"

काकांनी भाऊंकडे मायेनं पाहिलं. "जाऊ द्या ना, साहेब. माहिती गोळा होऊन राहिली असंल."

भाऊंनी काकांचा दंड धरून त्यांना उठवलं. स्टॉपवर पोचलो. साहूनं उडी मारून दार उघडलं, काकांना हात देऊन पुढच्या सीटवर बसवलं, आणि मग भाऊंना म्हणाला, "आइए सर, अब चढ़िए." भाऊंनी चढता चढता त्याची पाठ थोपटली.

त्याच आठवड्यात मैदानाच्या कडेला, मावशीच्या गाडीशेजारी, स्टॉपचा पत्रा लागला. पिनकोड अजून उतईचाच आहे.

पुढच्या अधिवेशनात ते वयस्क आमदार उठले. "अध्यक्ष महोदय, हरी बस अपने निर्धारित पिनकोड के बाहर रुक रही है. मंत्रीजी बताएँ, किस आधार पर? कोई जानकारी एकत्रित की गई थी?"

गॅलरीत तिवारीजी भराभर चिठ्ठी लिहायला लागले. या वेळी वर विषयसुद्धा लिहीत होते.

भाऊ चिठ्ठीसाठी थांबले नाहीत. "की गई थी, अध्यक्ष महोदय."

"किसने की? कैसे की?"

सभागृहात भाऊ कधी हिंदी सोडत नसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा काढला, बाकाला धरून उभे राहिले आणि म्हणाले,

"मीच केली. पायी."